एच६१ बोर्डावर एनव्हीएमई: साटाच्या वेशीबाहेर

आय५-२४०० (इंटेलचा जुना प्रोसेसर) वाला माझा डेस्कटॉप या आठवड्यात अखेर एनव्हीएमईवर, म्हणजे पीसीआयई या वेगवान जोडणीवरून चालणाऱ्या एसएसडीवर आला. त्यात आधीपासून २.५ इंची साटा (ड्राइव्ह जोडायची जुनी, संथ पद्धत) एसएसडी होतीच, पण बोर्डावरच्या एच६१ चिपसेटची सगळी साटा पोर्ट ३ गिगाबिटची. ड्राइव्ह सेकंदाला ५५० एमबी वेगाची घ्या, हातात येणार २७०-२८०. केबल बदलून, बायोस अपडेट करून यात काही फरक पडत नाही.

बोर्डावर एम.२ (पट्टीसारखी एसएसडी बसवायचा) स्लॉट नाही, म्हणून पीसीआयई अ‍ॅडॉप्टर. दुकानात दोन सॉकेटवालं कार्ड हमखास पुढे करतात. ते घेण्याआधी नीट पाहा (एम-की, बी-की ही नावं खाचेच्या जागेवरून): एम-की सॉकेट पीसीआयईला जोडलेलं असतं, बी-की सॉकेट मात्र नुसता साटाचा सांधा. त्याला पीसीआयई स्लॉटमधून फक्त वीज मिळते, डेटासाठी बोर्डावरून वेगळी साटा केबल ओढावी लागते. आणि ती केबल जाणार पुन्हा त्याच ३ गिगाबिटच्या पोर्टात!

खाचांवर विसंबू नका. दोन खाचांची एम.२ साटा ड्राइव्ह एम-की सॉकेटमध्ये अगदी व्यवस्थित बसते, स्क्रूही लागतो, पण संगणकाला दिसत नाही, कारण मागे साटाची लाइनच नाही. २२८० हा आकडाही फक्त मापाचा, २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. साटा की एनव्हीएमई, ते लेबलावर आणि स्पेसिफिकेशनमध्येच वाचायचं. यूएसबी केसचंही (ड्राइव्ह बाहेरून जोडायची डबी) तसंच: जेएमएस५८३ चिपची केस फक्त एनव्हीएमई घेते, आरटीएल९२१०बी वाली दोन्ही.

मी एका सॉकेटचं साधं एक्स४ (चार लेनचं, म्हणजे डेटाच्या चार वाटांचं) कार्ड घेतलं आणि एक्स१६ स्लॉटमध्ये लावलं. ग्राफिक्स कार्ड नाहीच, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर माझं काम भागतं. तो स्लॉट अडलेला असेल तर एक्स१ कार्डही चालेल. पीसीआयई २.० ची एक लेन कागदावर सेकंदाला ५०० एमबीची, म्हणजे या बोर्डाच्या साटापेक्षा तरीही वरचढ.

बूटचा प्रश्न उरतो. या काळातल्या बायोसमध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हर नसतो, त्यामुळे बूट यादीत ड्राइव्ह येत नाही. बायोसमध्ये तो ड्रायव्हर घुसवता येतो, पण चालत्या बोर्डावर तो धोका मला पटत नाही. लिनक्समध्ये सरळ वाट आहे: ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर) आणि बूट पार्टिशन जुन्या साटा ड्राइव्हवर ठेवलं, रूट (बाकीची सगळी सिस्टिम) एनव्हीएमईवर नेलं. कर्नल (लिनक्सचा गाभा) एकदा चढला की बायोसशी संबंध संपतो. विंडोज १० वाल्यांना पेनड्राइव्हवरून क्लोव्हर बूटलोडर लावता येतो.

लिंकची स्थिती तपासली: ५ जीटी (दर लेनचा वेग, पीसीआयई २.० चा), रुंदी एक्स४. सँडी ब्रिज (आय५-२४०० ची पिढी) प्रोसेसरला पीसीआयई २.० च मिळतं, तेव्हा हे अपेक्षितच. सलग वाचनाचा वेग सेकंदाला दीड हजार एमबीच्या पुढे गेला. फार आनंद झाला! लहान फायलींच्या कामात मात्र साटा एसएसडीच्या तुलनेत एवढी मोठी उडी जाणवत नाही.

आता आयव्ही ब्रिज या पुढच्या पिढीचा आय५-३४७० शोधतोय. हा बोर्ड त्याच्यासोबत एक्स१६ स्लॉट पीसीआयई ३.० ला चालवतो का, ते पुढच्या नोंदीत.