तुम्ही विचारलंत म्हणून: माझी लेक नर्सकडून औषधं का घेते

"अहो, अमेरिकेत एवढे डॉक्टर असताना तुमची मुलगी मानसिक आजाराची औषधं नर्सकडून घेते? तीही व्हिडिओवर?" हळदीकुंकवाला, ऐरोली स्टेशनच्या जिन्यात, नणंदेच्या फोनवर, गेली तीन वर्षं हाच प्रश्न. लेकीची परवानगी घेऊन एकदाच सगळं लिहितेय.

ती फीनिक्सला असते. तिला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी खोल उदासीत जाण्याचा आजार; मन स्थिर ठेवायला लिथियम चालू आहे. मनोविकारतज्ज्ञाची प्रत्यक्ष भेटीची तारीख साडेतीन महिन्यांनंतरची मिळत होती आणि ती तेव्हा चार-चार रात्री झोपत नव्हती. ही नर्स प्रॅक्टिशनर नवव्या दिवशी व्हिडिओवर भेटली. नर्स म्हटलं की आपल्याला वॉर्डातल्या सिस्टर आठवतात. तिथे आधी नर्सिंग, मग मानसोपचारातली मास्टर्स किंवा डॉक्टरेट, मग परीक्षा, असा रस्ता आहे. हा पेशा १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू झाला. ॲरिझोनात या बायका निदान करतात, औषधं लिहितात, वर डॉक्टरची सही लागत नाही. आपल्याकडे नर्सला तो अधिकार नाही, म्हणून तुम्हाला खटकतं. मलाही खटकलं होतं.

खरं सांगते, मला आणखी बरंच खटकलं होतं. मी ठाण्यात वाढले. तिथलं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. वर्गात कुणी जरा विचित्र वागलं की "घाला याला ठाण्याला" म्हणायचे, आणि ठाण्यातच राहून मीही म्हटलंय. लेकीचं निदान कळलं तेव्हा माझ्या मनात आधी लोक आले, आजार नंतर. त्यात त्या बाईंच्या उपचाराला 'इंटिग्रेटिव्ह', म्हणजे औषधांसोबत आहार-झोपही पाहणारा, म्हणतात हे कळल्यावर मी सुखावले. मला वाटलं, योग, आहार, झोप सांभाळून हळूहळू गोळ्या सुटणार. मी लगेच पार्सलमधून अश्वगंधा पाठवली.

बाईंनी पुढच्या भेटीत घरातली प्रत्येक बाटली कॅमेऱ्यासमोर धरायला लावली. अश्वगंधा बंद. लिथियमने थायरॉईड मंदावू शकतो, अश्वगंधेने थायरॉईडची पातळी वर जाऊ शकते. मग रिपोर्टवरून काय समजायचं? थायरॉईड, किडनी, बी-१२, ड जीवनसत्त्व सगळं तपासलं, झोपायची वेळ ठरवून दिली, आणि लिथियम होतं तसंच ठेवलं. मी दोन आठवडे रागात होते. आमचं आयुर्वेद त्यांना काय कळतंय, असं फोनवर बोललेही.

आता ती रात्र. दोन वर्षांपूर्वी लेक गणपतीला आली. विमानात पाठ धरली होती, म्हणून मी चार दिवस आयब्युप्रोफेनची गोळी दिली, सकाळ-संध्याकाळ, माझ्या हाताने. हरतालिकेला ती म्हणाली, "आई, मीपण उपवास करते." निर्जळी. मला केवढं बरं वाटलं! लिथियमवर पाणी आणि मीठ तोडायचं नाही, आयब्युप्रोफेन घ्यायचं नाही, नाहीतर लिथियम रक्तात साचतं, हे बाईंनी लिहून दिलं होतं. लेकीने तो कागद मला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. मी उघडला नव्हता.

संध्याकाळी पत्री वाहताना तिच्या हातातून बेलाचं पान सुटलं. पुन्हा उचललं, पुन्हा सुटलं. उकाड्याने होत असेल, असं मी म्हटलं. रात्री साडेनऊला, म्हणजे फीनिक्सच्या सकाळी नऊला, बाईंशी ठरलेला पंधरा मिनिटांचा कॉल होता, नुसती विचारपूस. लेकीचे शब्द एकमेकांत मिसळत होते. बाईंनी तिला दोन्ही हात पुढे करून बोटं पसरायला सांगितलं. मग नाकाला बोट लाव. मग दारापर्यंत चालून दाखव. ती भिंतीला धरून चालली. मग त्या मला विचारू लागल्या. माझं इंग्रजी बेताचं. मी म्हटलं, "नो वॉटर. होल डे." वेदनेची गोळी? मी पाकीट कॅमेऱ्याजवळ नेलं. त्यांनी नाव वाचलं आणि म्हणाल्या, आजचं लिथियम द्यायचं नाही, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला न्या. मी तुमच्या देशात काहीही लिहून देऊ शकत नाही, पण तिचे जुने रिपोर्ट पाठवते.

शेजारच्यांनी गाडी काढली. कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरांसमोर मी लेकीचा फोन धरला: लिथियमचा डोस, आधीची पातळी ०.८, किडनीचे आकडे, कशाची शंका आहे ते. त्यांनी विचारलं, "या कोण? डॉक्टर आहेत का?"

मी "हो" म्हटलं.

नर्स म्हटलं तर ते वाचणार नाहीत, अशी मला भीती वाटली. कदाचित वाचलंही असतं. लिथियमची पातळी १.८ निघाली, म्हणजे विषारी. सलाईन, लिथियम बंद, दोन दिवस देखरेख. किडनी शाबूत राहिली.

तुम्ही हा प्रश्न विचारता तेव्हा मला ते "हो" आठवतं. ज्या बाईने माझ्या मुलीचे हात जवळपास नऊ हजार मैलांवरून पाहून ओळखलं, तिची पदवी मी लपवली.

तरी त्यांच्यावरही माझा एक आक्षेप आहे. भारतात सणाला जातेय, तर उपवास करणार का, हे त्यांनी विचारलं नव्हतं. पुढचे सहा आठवडे लेकीला ठाण्यातल्या मनोविकारतज्ज्ञांनी पाहिलं, आणि त्यांचा पहिलाच प्रश्न उपवासाचा होता. लेकीला मी म्हटलं, बघ, समोर बसणारा डॉक्टर. ती म्हणाली, "आई, कागदावर लिहिलेलं होतं. त्यांनी विचारलं असतं तरी मी नाही म्हणाले असते, कारण तोवर माझं ठरलं नव्हतं." यावर माझ्याकडे उत्तर नाही. कधी वाटतं आक्षेप खरा आहे, कधी वाटतं माझा दोष मी त्यांच्यावर ढकलतेय.

ती परत गेली आणि पुन्हा त्याच बाईंकडे जाते. दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात, रात्रीच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी. तो आकडा ती मला पाठवते. आता मी लगेच उघडते.

यंदा गौरी-गणपतीला यायचं म्हणतेय. मी अजून "ये" म्हटलेलं नाही.