तुम्ही विचारलंत म्हणून: चूक सांगणाऱ्याला मेमो का नको?

प्रश्न नेहमी चहाच्या वेळी येतो. कारखान्यातलं माझं सेफ्टीचं ट्रेनिंग संपलेलं असतं. एखादे प्रॉडक्शन मॅनेजर मला बाजूला घेतात आणि म्हणतात, "सर, चूक करणाऱ्याला मेमोसुद्धा द्यायचा नाही, तर शिस्त राहायची कशी? उद्या कुणीही उठेल आणि 'चुकलो' म्हणून मोकळा होईल." गेल्या महिन्यात हे तिसऱ्यांदा ऐकलं आणि मी चिडून बोललो. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून एकदाचं सगळं लिहितो.

चूक करणाऱ्याला मेमो देऊ नका, असं मी कधीच म्हणालेलो नाही. जो आपल्या पायानं येऊन सांगतो त्याला देऊ नका, एवढंच म्हणतो. तुम्हाला यात फरक दिसत नाही. मलाही दिसत नव्हता. रासायनिक कारखान्यात तीस वर्षं काढली, त्यातली पहिली बारा मी तुमच्याहून कडक होतो.

कोकणातल्या एका एमआयडीसीत मी शिफ्ट इन्चार्ज होतो. पावसाळ्यातली रात्रपाळी. सव्वातीनच्या सुमारास एक ऑपरेटर कंट्रोल रूममध्ये आला, जेमतेम चोवीस वर्षांचा. म्हणाला, "साहेब, माझ्याकडून चुकीचा व्हॉल्व्ह उघडला गेला. दोन-तीन मिनिटांत लक्षात आलं, बंद केला. टेंपरेचर ठीक दिसतंय, पण तुम्ही एकदा बघून घ्या." मी जाऊन बघितलं. रिॲक्टरला काही झालं नव्हतं. तो गप्प बसला असता तर मला जन्मात कळलं नसतं. मी त्याला पाच-सहा माणसांसमोर झाप झाप झापलं. सकाळी मेमो टाइप करून घेतला, दोन दिवस घरी बसवलं. घरी जाताना आपण जबाबदारीनं वागलो असं वाटत होतं.

पुढचे अकरा महिने आमचं 'थोडक्यात वाचलो'चं रजिस्टर, म्हणजे होता होता टळलेल्या अपघातांची नोंद करायचं, कोरं राहिलं. मी ते मीटिंगमध्ये अभिमानानं दाखवलं.

बाराव्या महिन्यात, दुपारच्या पाळीत, ठेकेदाराचा एक फिटर ॲसिड लाइनचा फ्लँज, म्हणजे बोल्ट लावलेला पाइपचा जोड, खोलायला बसला. कामाच्या परवानगीच्या कागदावर, परमिटवर, लिहिलेलं होतं: व्हॉल्व्ह बंद, लाइन ड्रेन (रिकामी) केली. खाली माझी सही. व्हॉल्व्ह बंदच होता, पण पास होत होता, म्हणजे बंद असूनही आतून गळत होता. ड्रेन केल्यानंतरच्या तासाभरात लाइनमध्ये पुन्हा ॲसिड साचलं होतं. फिटरच्या डोळ्यांवर साधा गॉगल होता. बोल्ट सैल झाला तेव्हा मी तीसेक पावलांवर होतो. आम्ही दोघांनी त्याला धरून सेफ्टी शॉवरखाली नेलं. तो हात झटकून सुटायला बघत होता आणि आम्ही त्याला पाण्याखाली दाबून धरत होतो. त्याचा उजवा डोळा वाचला नाही.

चौकशीत निघालं की तो व्हॉल्व्ह पास होतोय हे तिन्ही पाळ्यांच्या ऑपरेटरना चार महिन्यांपासून ठाऊक होतं. म्हणून लाइन खोलण्याआधी ते स्वतःहून ड्रेन पुन्हा एकदा उघडून बघायचे. लॉगबुकात याचा एक शब्द नव्हता. नव्या फिटरला ते कळणार कुठून? मी त्याच पोराला विचारलं, "माहीत होतं तर सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "साहेब, मागं एकदा सांगितलं होतं ना." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला ते पुरेसं उत्तर वाटत होतं.

आता तुम्ही म्हणाल, सगळा भार एका मेमोवर का टाकता? बरोबर आहे. व्हॉल्व्ह बदलायला प्लांट थांबवावा लागला असता, आणि तो मला थांबवू दिला असता का, याची आजही शंका आहे. गॉगलवर भागवणारा मी एकटा नव्हतो. पण मला मागणी करण्याची वेळच आली नाही, कारण मला माहीत नव्हतं. आणि ते माझ्यापर्यंत पोचू नये याची तजवीज मीच केली होती.

नंतर वाचायला लागलो. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकी विमानवाहू जहाजांवर राहून अभ्यास केला: इतकं धोक्याचं काम तिथे इतक्या कमी अपघातांत कसं चालतं? त्यातल्या 'कार्ल विन्सन' या जहाजावरचा एक प्रसंग मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतो. एका खलाशाचं कामाचं अवजार डेकवर हरवलं. त्यानं ते कळवलं. हवेतली विमानं किनाऱ्यावरच्या तळांकडे वळवली, अवजार सापडेपर्यंत डेक बंद ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्याचा सत्कार केला. अमेरिकेतल्या वैमानिकांसाठी १९७६पासून अशीच सोय आहे. आपली चूक १० दिवसांत कळवली, आणि ती जाणूनबुजून केलेली नसली, तर साधारणपणे शिक्षेतून सूट मिळते. ती पत्रं दंड करणाऱ्या खात्याकडे जात नाहीत, नासाकडे जातात.

आणि माझ्यासारख्या कोऱ्या रजिस्टरवाल्यांसाठी अमेरिकेतल्या टेक्सस सिटीच्या तेल रिफायनरीचं उदाहरण. २३ मार्च २००५ला तिथे स्फोट होऊन १५ माणसं गेली. त्याच्या आदल्या वर्षी कामगारांना इजा होण्याचं प्रमाण तिथल्या इतिहासात सर्वांत कमी नोंदलं गेलं होतं. आणि स्फोटाच्या दिवशी टॉवर भरत चालला होता, तरी आतली लेव्हल दाखवणारं यंत्र ती उतरतेय असं दाखवत होतं.

पण नोकरीच्या पहिल्या बारा वर्षांतला तो कडक मी अजून माझ्याशी भांडतो, आणि त्याचं सगळंच चूक नाही. मॅनेजर झाल्यावर मी एका ऑपरेटरला काढलं. त्यानं इंटरलॉक, म्हणजे धोका दिसला की काम आपोआप थांबवणारी यंत्रणा, तीनदा बायपास केला होता. दोन वेळा स्वतः येऊन सांगितलं, तिसऱ्यांदा लपवलं. मी म्हणालो, हा जाणूनबुजून केलेला प्रकार आहे, इथे माफी नाही. पुढे कळलं की बॅच लवकर काढा म्हणून त्याच्या मागे रोज तगादा होता, आणि ते वेळापत्रक माझ्याच टेबलावरून जायचं. पहिल्या दोन वेळांना मी 'सांगितलंस ते बरं केलंस' म्हणालो आणि वेळापत्रकाला हात लावला नाही. मग तिसऱ्यांदा त्यानं काय सांगायचं होतं? रेघ कुठे ओढायची हे तुम्ही मला विचारता. त्या माणसाच्या बाबतीत ती मी बरोबर ओढली की नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

निवृत्तीआधी मी जुन्या कंपनीत फोन करून त्या पोराचा मेमो फाइलमधून काढायला सांगितला. ऑफिसातली मुलगी म्हणाली, "सर, रेकॉर्डमधून कागद काढता येत नाही. हवं तर तुम्ही पत्र द्या, त्याच्या मागे लावते." मी पत्र पाठवलं. मेमो अजून तिथेच आहे.