पाणसोट

आईची लघवी कल्चरला दिली होती. मे महिन्याच्या भर दुपारी धंतोलीत रिपोर्ट हातात पडला: नो ग्रोथ. हुश्श करून मी आईला फोन लावला, तर ती म्हणे, “एवढ्या गोळ्या खाल्ल्या, तरी काहीच ग्रोथ नाही?” ४८ तास पोसूनही बशीत एक जंतू वाढला नाही ही आनंदाची बातमी आहे, हे पटवताना मला घाम फुटला. अर्थात नागपुरात मे महिन्यात घामाला वेगळं कारण लागत नाही.

तिचं तरी काय चुकलं? जीडीपी असो, पगार असो, की शेजारच्या पोट्ट्याची उंची, ग्रोथ नाही म्हटलं की तोंडं उतरतात.

आजोबा मात्र वाढीवर खार खाऊन असायचे. काटोलकडे त्यांची संत्र्याची बाग होती. आंबिया बहार घ्यायचा म्हणजे डिसेंबरात झाडांचं पाणी तोडायचं, ताण द्यायचा. भारी काळी जमीन, ओल हटता हटत नसे. तिथे दीड-दोन महिनेही लागायचे. पानं मलूल व्हायची, पिवळी पडून गळायची. मला झाडांची दया यायची. आजोबा म्हणत, “आता पाणी पाजलं त पालाच देईन थे. फुलावर कायले येईन?” मग जानेवारीत पाणी सुटलं की काही दिवसांत बाग पांढरी, आणि वास थेट घरापर्यंत.

त्यांचा खरा राग पाणसोटांवर. खोडातून सरळ वर सुटलेले, जाडजूड, काटेरी, हिरवेगार फोक. अख्ख्या झाडात तेजी काय ती त्यांचीच, आणि संत्रं एक नाही. आजोबा सिकेटर घेऊन बुडापासून उडवायचे. मला तेच सगळ्यात देखणे वाटायचे, अजूनही वाटतात.

परवा एक मुलगा म्युच्युअल फंडाचा फॉर्म घेऊन आला. ग्रोथ की आयडीसीडब्ल्यू? (डिव्हिडंडला २०२१ पासून हे नाव आहे, ठेवणाऱ्याला दंडवत.) ग्रोथमध्ये नफा हाती देत नाहीत, आतच वाढत राहतो.

“मग फळ कधी?” मी विचारलं.

“विकाल तेव्हा, काका. सगळे ग्रोथच घेतात.”

मीही तिथेच खूण केली. कुठे छाटायचं ते आजोबांना कळायचं. मला सही कुठे करायची, तेही त्या मुलानेच दाखवलं.