पिवळ्या गर्दीतलं निळं बेणं

मे महिना सरत आला की न्यू जर्सीत मला एकाच तऱ्हेचे फोन येऊ लागतात. मागच्या अंगणात पाणी साचतं, गवत कापायचं यंत्र रुततं, डास होतील अशी भीती वाटते, तेव्हा पाइप टाकून ते पाणी कुठंतरी काढून द्या. मी इथं बागा करते, त्याही शक्यतो इथल्याच मातीतल्या झाडांच्या. पाणथळ कोपरा कोरडा करण्याचं काम मी सहसा घेत नाही. घेतलंच तर आधी बराच वेळ बोलते.

या घरचा फोन मराठीतच आला. घर मिलस्टोन नदीला मिळणाऱ्या एका लहानशा ओढ्याच्या काठी. ही मिलस्टोन पुढं मॅनव्हिलजवळ रॅरिटन नदीला मिळते. सप्टेंबर 2021 मध्ये आयडा चक्रीवादळाचा पाऊस झाला तेव्हा मॅनव्हिलमध्ये घरंच्या घरं पाण्यात होती. या कुटुंबाचंही तळघर भरलं होतं आणि ती धास्ती मनातून गेलेली नव्हती. "ताई, तो कोपरा बुजवून टाका नाहीतर त्याचं पाणी ओढ्यात सोडा," असं घरातली सून म्हणाली. मी अंगणाचा उतार मोजला. कोपरा घराच्या पायापेक्षा चांगला खाली होता. घरात शिरणारं पाणी तिथून येत नव्हतं, उलट छपराचं आणि अंगणाचं पाणी तोच पोटात घेत होता. ते पाइपनं ओढ्यात ढकललं तर खालच्या गावांच्या पुरात आपली भर पडणार. शिवाय अशा जमिनीला 1987 च्या राज्य कायद्याचं संरक्षण आहे, परवानगीशिवाय तिथं निचरा करता येत नाही की भराव टाकता येत नाही. डासांचं म्हणाल तर अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडाभर तरी साचलेलं पाणी लागतं. इथं पाऊस थांबल्यावर दोन दिवसांत ते जिरत होतं, खाली ओल तेवढी राहत होती.

पाइप रद्द झाला. पण कोपऱ्यात पिवळ्या आयरिसचं, म्हणजे यलो फ्लॅग नावाच्या गड्ड्यांनी वाढणाऱ्या फुलझाडाचं, रान माजलं होतं आणि ते मात्र काढायलाच हवं होतं.

यलो फ्लॅग हे युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतलं झाड. तिकडच्या ओढ्याकाठी ते शोभतं, तिथले कीटक त्याच्यावर जगतात, तिथं ते असायलाच हवं. अमेरिकेत मात्र ते बागेसाठी आणलं आणि बागेबाहेर निसटलं. जमिनीखाली त्याच्या गड्ड्यांचा असा जाड थर होतो की दुसऱ्या कशालाच जागा उरत नाही. बिया पाण्यावर तरंगत खाली जातात आणि पुढच्या वळणावर नवं रान उभं राहतं. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात त्याच्या विक्रीवर बंदी आहे. सुनेला हे पटत नव्हतं. "पण त्यावर मधमाश्या येतात की!" येतात, खरं आहे. मधमाशी गोडवा मिळेल तिथं जाते. मी तिला म्हटलं, फुलावर कोण येतं एवढंच बघून चालत नाही. त्या झाडानं कोणाकोणाला हुसकावलं तेही बघावं लागतं.

हातानं झाड काढायला हरकत नाही, हे आधीच विचारून घेतलेलं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझा जोडीदार सकाळी लवकर काटे-फावडी घेऊन उतरलो. पिवळा बहर ओसरत आला होता, पाती माझ्या छातीला लागत होती. सांगलीकडून सहा महिन्यांसाठी आलेले सुनेचे सासरे, नाना, खुर्ची टाकून काठावर बसले होते.

आम्ही ओढ्याच्या बाजूनं आत सरकत होतो. पाती बाजूला सारताना मला पायाशी स्कंक कॅबेजची रुंद पानं दिसली आणि मी थांबले. ही वनस्पती बागेत कोणी हौसेनं लावत नाही. ती झऱ्याच्या, दलदलीच्या जागी आपली आपण असते आणि एकदा रुजली की दशकानुदशकं जगते. म्हणजे या वसाहतीची घरं उठायच्या आधीपासून ही जागा ओली होती आणि जुन्या दलदलीचा एक तुकडा अजून जिवंत होता. जोडीदाराला मी काटा ठेवायला सांगितला. पुढचं रान आम्ही हातांनीच उकलत गेलो.

तिथंच ते फूल होतं. पिवळ्याहून ठेंगणं, निळं-जांभळं, पाकळीच्या बुडाशी पिवळट-पांढरा डाग आणि त्यावरून धावणाऱ्या जांभळ्या शिरा. ब्लू फ्लॅग, आयरिस व्हर्सिकलर, इथला मूळ रहिवासी. त्याच्या मागं आणखी दोन दांडे, एकावर मिटलेली कळी. बाकी सगळीकडून पिवळ्यानं घेरलेलं. इतकी वर्षं मी ही झाडं रोपवाटिकेतून आणून लावते. कोणी न लावलेलं, अंगणातल्या गर्दीत तग धरून राहिलेलं रोप मी त्या दिवसापर्यंत पाहिलं नव्हतं. मला अक्षरशः हुंदका आला. जोडीदार काही न बोलता पाण्याची बाटली पुढं करून उभा राहिला.

दिवसाचं काम तिथंच बदललं. आता पिवळं उपटायचं नव्हतं, निळ्याला त्याच्यातून सोडवायचं होतं. पानांवरून दोघांतला फरक करता येतो, पण नजर बसावी लागते. यलो फ्लॅगच्या पात्याच्या मधोमध उठावदार शीर असते, बोटाला लागते. ब्लू फ्लॅगचं पातं त्यामानानं सपाट, जरा राखट हिरवं आणि बहुतेक वेळा बुडाशी जांभळट. जिथं दोन्हींची मुळं एकमेकांत गुंतली होती तिथं फुलाच्या दांड्यापासून सुरुवात करून बोटांनी चिखल काढत गड्ड्यापर्यंत जायचं, त्याची सगळी पिल्लं मोजायची आणि मगच शेजारचं पिवळं कापायचं. फुलात असताना आयरिस हलवू नये, म्हणून निळ्याचा मोठा जुंबाडा जागेवरच ठेवला. जे तुकडे सुटेच झाले तेवढेच उचलले.

नाना कधी खुर्चीवरून उठून चिखलाशी आले ते कळलंच नाही. आयुष्यभर हळद केलेला माणूस. हातात गड्डा घेतल्याबरोबर त्यांनी तो उलटापालटा करून डोळे बघितले. "हा जेठा गड्डा, ह्ये बगल गड्डे. बेण्याला जेठा धरायचा. आमच्या हळदीचीच रीत हाय की." मी म्हटलं, "नाना, हातमोजे घाला, याचा रस अंगाला लागला की खाज सुटते, आणि पोटात गेला तर विषारी." त्यांनी हातमोजे चढवले आणि पत्र्याच्या घमेल्याशी बैठक मारली ती दुपारच्या जेवणापर्यंत. निळं एका बाजूला, पिवळं दुसऱ्या बाजूला. ज्यांच्याबद्दल खात्री होईना अशा गड्ड्यांसाठी तिसरी कुंडी त्यांनीच मागून घेतली. "फूल आल्यावर कळंल. तवर हितंच राहू दे," म्हणाले. हे इतकं योग्य होतं की मी आजही कामावर असंच करते.

पिवळे गड्डे कंपोस्टमध्ये टाकायचे नसतात. उन्हात वाळत पडलेला तुकडासुद्धा महिन्यांनी ओल मिळाली की फुटतो. आम्ही ते काळ्या पिशव्यांत भरले, तोंडं घट्ट बांधली आणि कचऱ्यात देईपर्यंत पक्क्या फरशीवर तापत ठेवले.

दुपारी ऊन वर आलं तेव्हा मोकळ्या झालेल्या निळ्या फुलावर बम्बलबी, जाडजूड केसाळ माशी, आली. मी नानांना खुणेनं बोलावलं. आयरिसचं फूल दिसायला एक, पण कामाला तीन. खाली वाकलेली प्रत्येक पाकळी आणि तिच्यावर छतासारखी टेकलेली, पाकळीसारखीच दिसणारी कुक्षीवृंताची फांदी, म्हणजे फुलाच्या मादी भागाची फांदी, यांच्यामधून एक बोगदा तयार होतो. त्या जांभळ्या शिरा बोगद्याची वाट दाखवतात. माशी आत घुसताना तिची पाठ आधी छताच्या ओठावर, म्हणजे पराग झेलणाऱ्या कुक्षीवर, घासते, त्यामुळं दुसऱ्या फुलाचे पराग तिथं लागतात. आणखी आत गेल्यावर पाठ परागकोशाखालून जाते. बाहेर पडताना मात्र तो ओठ उलट बाजूनं दाबला जातो, म्हणून त्याच फुलाचे पराग त्याला लागत नाहीत. बम्बलबी एका बोगद्यातून मागं सरकत बाहेर आली, दुसऱ्यात शिरली, मग तिसऱ्यात. या बोगद्याला धडधाकट अंगाची आणि लांब जिभेची माशी लागते. ही फुलं आणि या माश्या याच भूमीवर एकत्र वाढल्यात.

सून आता आमच्यात येऊन वाकली होती. तिलाच आधी दिसला, पाकळीवरचा अर्ध्या सेंटिमीटरचा काळसर सोंडकिडा. "ताई, याला औषध मारावं लागेल ना?" मी नको म्हटलं. हा आयरिसचाच सोंडकिडा, मोनोनिकस. त्याची मादी कोवळ्या बोंडात अंडी घालते, अळ्या बिया खाऊन आतच मोठ्या होतात आणि बोंड उकललं की नवे किडे बाहेर येतात. थोड्या बिया जातात, बाकीच्या उरतात. झाड गड्ड्यांनीही वाढतंच, त्याचं काही अडत नाही. पण हे झाड गेलं की हा किडा कुठं जाणार? वन्यजीवांसाठी बाग करायची म्हणजे त्यांनी ती खाल्लेली चालली पाहिजे. कुरतडलेलं पान दिसलं की फवारणी करणाऱ्यांच्या बागेत फुलं असतात, पण पक्ष्यांच्या पिलांना भरवायला अळ्या नसतात.

संध्याकाळी सुट्या झालेल्या निळ्या गड्ड्यांची पाती वीतभर ठेवून कापली आणि मोकळ्या केलेल्या चिखलात दीड-दीड फुटांवर लावली. गड्ड्याची पाठ जेमतेम झाकली जाईल एवढंच खोल, कारण फार पुरलं तर फुलत नाही. मधल्या जागेत टसॉक सेज हे गवतासारखं झाड आणि स्वॅम्प मिल्कवीड, ही दुसरी मोनार्क फुलपाखराच्या अळीसाठी. कडेला कार्डिनल फ्लॉवर, हमिंगबर्डसाठी. हरणांची इथं फार नासधूस असते, पण आयरिसच्या विषामुळं ती सहसा त्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळं जाळीचा खर्च वाचला. ओल्या मातीतली पालापाचोळ्याची जागा हलवली नाही. काजव्यांच्या अळ्या तिथंच गोगलगायी आणि गांडुळं खाऊन वाढतात.

पुढच्या उन्हाळ्यात तिथं पिवळे कोंब आलेच. मातीत राहिलेल्या बारीक तुकड्यांतून ते येतातच आणि निदान दोन-तीन वर्षं दर वसंतात फिरून काढावे लागतात. सून आता ते स्वतः काढते, पात्याची शीर बोटानं चाचपून. तिसऱ्या कुंडीतल्या गड्ड्यांपैकी काही निळे फुलले, ते कोपऱ्यात गेले. नाना सांगलीला परतल्यावर व्हिडिओ कॉलवर आधी तो कोपरा दाखवायला लावतात आणि बोंडं काळी पडली का ते विचारतात. कारण शरद ऋतूत गोळा केलेल्या बिया थंडीतून गेल्याशिवाय उगवत नाहीत, म्हणून त्या बर्फ पडायच्या आत पेरायच्या, हे त्यांनी माझ्याकडून नीट समजून घेतलंय.

काम संपलेलं नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला, तीन घरं पलीकडं, तेच पिवळं रान काठावर उभं आहे आणि दर शरदात त्याच्या बिया तरंगत या कोपऱ्याशी येऊन लागतात. सुनेनं त्या शेजाऱ्यांशी बोलणं केलंय. ते काढायला तयार आहेत, फक्त मोकळ्या जागी काय लावायचं ते त्यांना ठरवायचंय. रोपं द्यायला आमच्याकडं बेणं आहे.