फाइव्ह नाइनची पावती

हॅम रेडिओवाल्यांचं, म्हणजे हौसेखातर रेडिओवरून जगभर बोलणाऱ्यांचं, एक मला भारी वाटतं, बोलणं अर्ध्या मिनिटाचं आणि त्याची पावती वर्ष दोन वर्षांनी. कॉलसाइन म्हणजे आपल्या स्टेशनची ओळख सांगितली, सिग्नल कसा येतोय त्याचा रिपोर्ट दिला, सेव्हन्टी थ्री म्हणजे रामराम, संपलं. मग दोघंही बसून क्यूएसएल कार्ड म्हणजे ती पावती भरणार, नऊ बाय चौदा सेंटीमीटरचं, आणि ते ब्युरोच्या, म्हणजे सगळ्यांची कार्डं गोळा करून पाठवणाऱ्या ऑफिसच्या गठ्ठ्यात टाकणार. गठ्ठा पुरेसा जाड झाला की तो समोरच्याच्या देशाच्या ब्युरोला जातो, तिथे परत वाटणी, तोवर समोरच्याचं घर बदललेलं असू शकतं.

कार्डावर लिहायचं काय तर तारीख, वेळ, बँड (कुठल्या लहरींवर), मोड (आवाजात की मोर्समध्ये वगैरे) आणि रिपोर्ट. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. वेळ मात्र यूटीसीत, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेत, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, त्यामुळे आपण मंगळवारी पहाटे चारला डोळे चोळत जो ब्राझिल पकडला तो कार्डावर सोमवारी रात्री 22:30 चा होतो. आणि खाडाखोड चालत नाही बरं का! शंभर देशांच्या डीएक्ससीसी अवॉर्डसाठी कार्ड तपासतात तेव्हा खोडलेलं कार्ड बाद, त्यामुळे चुकलं की फाडा आणि नवीन घ्या.

एवढी कडक शिस्त आणि त्यात बिनधास्त खोटा असतो तो रिपोर्ट. फाइव्ह नाइन म्हणजे आवाज अगदी स्वच्छ आणि दणदणीत. आता काँटेस्टमध्ये, म्हणजे जास्तीत जास्त स्टेशनं पकडायच्या स्पर्धेत ऐका, "यू आर फाइव्ह नाइन, कॉलसाइन परत सांगा प्लीज, परत सांगा, परत..." अरे मग फाइव्ह नाइन कशाला देतोस बाबा! पण कार्डावर शाईने तेच येतं आणि आपणही त्याला तेच दिलेलं असतं. लग्नाच्या पंगतीत जेवण कसं होतं विचारल्यावर देतात तसलं उत्तर आहे ते, कोणी मनावर घेत नाही.

तारीख मात्र खरी असते. डिसेंबर 2004 मध्ये अंदमानवरून व्हीयू फोर आरबीआय हा कॉलसाइन हवेत आला तेव्हा जगभरातले हॅम त्यावर तुटून पडले होते, अंदमानवरून हवेत कोणी येणं म्हणजे फारच दुर्मिळ ना. 26 तारखेला त्सुनामी आली आणि तेच रेडिओ मदतीच्या निरोपांना लागले. त्या महिन्याचं कार्ड कोणाकडे असेल तर आधी तारखेचा रकाना बघा.

घाई असेल तर ब्युरो सोडून थेट पाकीट पाठवायचं, आत परतीचं पाकीट आणि टपालखर्चाला डॉलरच्या नोटा. पाकिटावर कॉलसाइन लिहायचा नाही, आत पैसे आहेत हे चोराला आपणच कशाला सांगायचं. 2003 पासून कॉम्प्युटरवरून कन्फर्म करायची सोय आहे, एलओटीडब्ल्यू, फुकट आणि बहुतेकदा कार्डाच्या आधी. मीही वापरतो, अवॉर्डला चालतं. पण ती यादीतली एक ओळ, ती कोणाला दाखवणार? कार्डावर कोणाचा कुत्रा असतो, कोणाचं गाव, कोणाचा टॉवर, आणि जपानी कार्डं तर बघतच बसावी अशी.

माझी छापलेली कार्डं संपत आलीत. नव्या कार्डावर मला मागे अँटेना दिसेल असा फोटो हवाय, घरच्यांचं म्हणणं त्या काड्या कोण बघतंय, सिंहगड टाक. बायको सिंहगडाच्या बाजूने आहे आणि मुलगी आमच्या मांजरीच्या.