जर-तरची संक्रांत

अमेरिकेतल्या लिंकनच्या आमच्या मराठी मंडळाचा मेळावा दर वर्षी संक्रांतीच्या जवळच्या शनिवारी होतो. सकाळचा भाग कुठल्याही मंडळात होतो तसाच. हॉलवाले ज्योत पेटवू देत नाहीत म्हणून बॅटरीवरच्या समईसमोर गणेशवंदना, अध्यक्षांचे दोन शब्द (दोनाचे दोनशे होतात), जमाखर्च, मुलांची नाट्यछटा, हळदीकुंकू. तिळगूळ वाटून झाला, जेवणं उरकली की खुर्च्या गोलात मांडल्या जातात आणि ज्याच्यासाठी मी वर्षभर कार्यवाहपदाची कटकट सोसतो तो कार्यक्रम सुरू होतो. पत्रिकेत त्याला ‘परिसंवाद’ असं सभ्य नाव असतं. आम्ही त्याला जर-तर म्हणतो.

विषय ठरलेला. नेब्रास्का विद्यापीठाचा फुटबॉल संघ, आणि काय झालं असतं तर काय झालं असतं.

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना हे वेड समजावताना माझी दमछाक होते. हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे; लांबट चेंडू काखोटीला मारून आडदांड पोरांच्या भिंतीतून वाट काढायचा. नेब्रास्कात माणसं जेमतेम वीस लाख, मोठ्या व्यावसायिक लीगमधला संघ एकही नाही. त्यामुळे सगळ्या राज्याचा जीव या विद्यापीठाच्या पोरांत. मेमोरियल स्टेडियम १९२३ मध्ये उघडलं आणि नोव्हेंबर १९६२ पासून तिथला प्रत्येक सामना ‘हाऊसफुल्ल’ म्हणून नोंदला गेला आहे. सामन्याच्या दिवशी ओमाहा आणि लिंकनखालोखाल राज्यातलं तिसरं मोठं शहर म्हणजे ते स्टेडियमच, असं इथली माणसं अभिमानाने सांगतात. आता आम्हीही सांगतो. राष्ट्रीय अजिंक्यपदं पाच : १९७०, १९७१, १९९४, १९९५ आणि १९९७. पण आमच्या बैठकीत या पाचांना कुणी हिंग लावून विचारत नाही. जिंकल्यावर बोलायचं काय?

अपवाद एक. मंडळातल्या एका मावशींचे जावई मिसुरी विद्यापीठाचे. ते दर वर्षी ८ नोव्हेंबर १९९७ काढतात. सामना संपता संपता आमच्या शेविन विगिन्सच्या हातून निसटलेला चेंडू त्याच्याच पायाला लागून उडाला, मॅट डेव्हिसनने जमिनीलगत सूर मारून तो झेलला, बरोबरी झाली आणि जादा वेळेत आम्ही ४५-३८ असे जिंकलो. ‘जर पंचांनी ती लाथ नियमबाह्य ठरवली असती तर?’ असा त्यांचा सवाल. तर त्या वर्षीचं अजिंक्यपद गेलं असतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जावई आहेत म्हणून ऐकून घेतो.

खरी गंमत अशी की आमच्यातल्या बहुतेकांनी यातले जुने सामने पाहिलेलेच नाहीत. कुणी एम.एस.ला आलं, कुणी ओमाहाच्या रेल्वेत किंवा विमा कंपनीत नोकरीला लागलं, कुणी लग्न होऊन आलं. १९८४ मध्ये मी साताऱ्यात शाळेत होतो. तरीही त्या वर्षीच्या पराभवाबद्दल बोलताना माझा आवाज चढतो. नव्याने आलेल्या पोरांना यात ओढायला मी एकच युक्ती वापरतो : जानेवारी १९९९, चेन्नई, समोर पाकिस्तान. पाठ धरलेली असताना सचिनचे १३६, तो बाद झाल्यावर चार धावांत उरलेले तीन गडी, आणि आपण १२ धावांनी हरलो. ‘तो अजून दोन षटकं टिकला असता तर?’ हे ज्याने मनात एकदा तरी म्हटलंय, त्याला आमच्या गोलात खुर्ची आहे.

बोलायला पाच मिनिटं, मग घंटा. पूजेची घंटा. ज्याला सामन्याचा स्कोअर पाठ नाही त्याने उठायचं नाही. पंचांना नावं ठेवायची असतील तर शेवटच्या मिनिटात. आणि एक नियम कुणी लिहिला नाही, पण सगळे पाळतात : ब्रूक बेरिंजरवर जर-तर करायचं नाही. १९९४ च्या हंगामात टॉमी फ्रेझियरच्या पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या तेव्हा या राखीव क्वार्टरबॅकने (म्हणजे चेंडू हाती घेऊन डाव चालवणाऱ्याने) संघ सांभाळला. फ्रेझियर परतला तसा हा मुकाट्याने बाकावर जाऊन बसला. १८ एप्रिल १९९६ ला, व्यावसायिक संघांची खेळाडूनिवड अवघ्या दोन दिवसांवर आली असताना, छोटं विमान कोसळून तो गेला. स्टेडियमपाशी प्रशिक्षक टॉम ऑस्बर्न यांच्या शेजारी त्याचा पुतळा आहे. एकदा एका नव्या मुलाने त्याचं नाव घेऊन ‘जर’ म्हटलं, तर घंटेवाल्या ताईंनी दहा सेकंदांतच घंटा वाजवली.

पहिला क्रमांक बहुधा १९८२ च्या पेन स्टेट विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याचा लागतो. चेंडू झेलणाऱ्या माइक मॅक्लॉस्कीचा पाय रेषेबाहेर होता, पंचांनी झेल दिला, शेवटच्या चार सेकंदांत २७-२४. हंगामातला तो आमचा एकमेव पराभव, आणि अजिंक्यपद गेलं पेन स्टेटकडे. यात वाद असा काही नाही. पाय बाहेर होता. चित्रण बघा आणि पुढे चला.

सेकंदाच्या हिशोबाला मात्र रंग चढतो. हा विषय सोलापूरच्या एका दादांचा. पेशाने ते लेखापरीक्षक, त्यामुळे जमा-नावे पक्कं. १ जानेवारी १९९४, ऑरेंज बोल ही हंगामाअखेरची मानाची लढत, समोर फ्लोरिडा स्टेट. वेळ संपली म्हणून त्यांच्या प्रशिक्षकाला आनंदाची आंघोळसुद्धा घालून झाली होती. पंचांनी घड्याळात एक सेकंद परत टाकला. ४५ यार्डांवरून बायरन बेनेटची किक डावीकडे गेली आणि आम्ही १८-१६ ने हरलो. आता ५ डिसेंबर २००९, समोर टेक्सस. आम्ही १२-१० ने पुढे. एंडामुकाँग सू नावाच्या आमच्या राक्षसाने त्या रात्री त्यांच्या क्वार्टरबॅकला साडेचार वेळा लोळवला होता. (अर्धा म्हणजे दोघांनी मिळून, दर वर्षी कुणीतरी विचारतंच.) घड्याळ शून्यावर गेलं. पंचांनी पुन्हा एक सेकंद परत टाकला, या वेळी त्यांच्या खात्यात. ४६ यार्डांवरून त्यांची किक आत गेली, १३-१२. दादा शेवटी विचारतात, ‘एक सेकंद आला, एक सेकंद गेला. मग शिल्लक शून्य दाखवायची की तूट?’ सभागृह एका सुरात ओरडतं, ‘तूट!’ हे सगळं आधी बसवल्यासारखं होतं आणि तरी मला दर वर्षी हसू येतं.

२००३ बद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण तो विषय निघाला की मंडळ दुभंगतं. प्रशिक्षक फ्रँक सॉलिच यांनी नऊ सामने जिंकले, तीन हरले, आणि त्यांना काढून टाकलं. पुढच्याच वर्षी ५-६. १९६१ नंतरचा पहिला तोट्याचा हंगाम. त्यांना ठेवलं असतं तर? एका वर्षी मी यावर हात वर करून मतदान घेतलं. त्यानंतर एक माजी अध्यक्ष मेळाव्याला फिरकलेले नाहीत. वर्गणी मात्र नेमाने पाठवतात. काका, हे वाचत असाल तर या. मतदान पुन्हा होणार नाही.

आणि मग १९८४.

यावर मिरजेचे काका बोलतात. तेव्हा इथे असलेले आमच्यातले ते एकटेच. आधी थोडी पार्श्वभूमी, कारण काका ती देत नाहीत. २ जानेवारीची रात्र, ऑरेंज बोल, मायामीच्या घरच्या मैदानावर मायामीशी गाठ. आमचा संघ १२ पैकी १२ जिंकून पहिल्या क्रमांकावर. तरी सुरुवातीलाच १७-० ने मागे. बरोबरी झाली, पुन्हा मागे, ३१-१७. हंगाम गाजवलेला माइक रोझियर घोटा दुखावून बाहेर. त्याच्या जागी आलेल्या जेफ स्मिथने एक टचडाउन केलं (चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की सहा गुण, त्यावर किकचा एक) आणि ४८ सेकंद उरले असताना, चौथ्या आणि शेवटच्या प्रयत्नात, २४ यार्ड पळत जाऊन दुसरंही केलं. ३१-३०. आता साधी किक मारली तर एक गुण आणि बरोबरी. तेव्हा जादा वेळ नव्हता. तो नियम १९९६ च्या हंगामापासून सगळीकडे आला. अजिंक्यपद मतदानाने ठरायचं, आणि दुसऱ्या क्रमांकाचा टेक्सस त्याच दिवशी १०-९ ने हरला होता. म्हणजे बरोबरी पुरेशी होती. ऑस्बर्न यांनी किक मारली नाही. जिंकण्यासाठी दोन गुणांचा डाव लावला, म्हणजे चेंडू पुन्हा रेषेपार नेण्याचा. टर्नर गिलने स्मिथकडे चेंडू फेकला, मायामीच्या केन कॅलहूनची बोटं मध्ये आली, आणि अजिंक्यपद मायामीला गेलं.

आधी बोलतात ओमाहाच्या वहिनी, किकच्या बाजूने. त्यांचा मुद्दा कच्चा नाही. बारा सामने जिंकलेल्या संघाने तेराव्यात बरोबरी घेतली तर त्यात लाज कसली? पोरांनी वर्षभर कमावलेलं पणाला लावायचा अधिकार एका माणसाला कुणी दिला? एका वर्षी त्यांनी विचारलं, ‘घरातल्या सगळ्यांची बचत एका डावावर लावणाऱ्याला तुम्ही शूर म्हणता का हो, काका?’ टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

काका उठतात ते कागद न घेता. ‘नंतरच्या अजिंक्यपदांचा आधार घेऊन ऑस्बर्नची बाजू मांडणार नाही,’ हे त्यांचं पहिलं वाक्य. ‘चौऱ्याण्णव, पंचाण्णव, सत्त्याण्णव, त्या रात्री ही कुणाला माहीत होती?’ मग ते वसतिगृहात शिरतात. सुटी लागलेली, अमेरिकन मुलं घरी गेलेली, टीव्हीच्या खोलीत परदेशी पोरंच उरलेली. काकांना तेव्हा खेळाचे अर्धे नियम कळत नव्हते. चेंडू पडला तेव्हा शेजारच्या मलेशियन मुलाने विचारलं, ‘आता अजून एक संधी मिळते ना?’ मिळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. काका कार्यशाळेत गेले. तिथला म्हातारा तंत्रज्ञ त्यांच्याशी वर्षभरात हत्यारांच्या नावांपलीकडे बोललेला नव्हता. त्या सकाळी त्याने पाना खाली ठेवला आणि विचारलं, ‘बघितलास? तू काय केलं असतंस?’

इथे काका थांबतात. दर वर्षी इथेच. घंटेवाल्या ताई घंटा मांडीवर ठेवतात.

‘मी म्हटलं, मीही दोनसाठीच गेलो असतो. बरोबरी घेऊन घरी कसं यायचं? तो काही बोलला नाही, कॉफी ओतून दिली. या गावात मला कुणी पहिल्यांदा मत विचारलं होतं हो. किक मारली असती तर अजिंक्यपद मिळालं असतं, मिरवणूक निघाली असती. मला कुणी काही विचारलं नसतं.’ आणि वहिनींकडे वळून, ‘म्हणून माझं मत बाद धरा. मी त्या डावात पैसे कमावलेला माणूस आहे.’

भाषण इतकंच. त्यात एक शब्द इकडचा तिकडे होत नाही, आणि मी पुढच्या रांगेत बसून पाणी पिण्याचं निमित्त करतो. वहिनी उलट उत्तर देत नाहीत. पण काकांच्या बाजूने हातही वर करत नाहीत, आणि यासाठी मला त्या फार आवडतात.

आता गाऱ्हाणं. हे भाषण ऐकायला गेल्या मेळाव्यात निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या. जेवायला रांग दारापर्यंत होती. तरुण मंडळी गुळपोळीचे डबे भरून तीनच्या आत पसार, कारण कॅन्सस सिटीच्या व्यावसायिक संघाचा सामना टीव्हीवर. त्यांच्याबद्दल मला राग नाही, असं मी पत्नीला सांगतो.

आभार मात्र मनापासून आणि नावं न घेता, कारण मागे नावं घेतली तेव्हा क्रमावरून फोन आले होते. गुळपोळ्या लाटणाऱ्या तिन्ही मावश्या. राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल एकाच ताटात वाढायची इथली शाळकरी रीत आपल्या पंगतीत आणणाऱ्या, आणि चिलीत गोडा मसाला घालायचं धाडस करणाऱ्या वहिनी. मांसाच्या सारणाचा रंझा (इथला भरलेला पाव) आपल्या शाकाहाऱ्यांसाठी कोबी-बटाट्याचा करून देणाऱ्या ताई. त्यांची बहीण, जिने कोबी चिरला. घंटेवाल्या ताई. सोलापूरचे दादा, जमाखर्चासाठीही. बर्फ पडत असताना आय-८० महामार्गावरून मोठी पातेली आणणारे ओमाहाचे दोघे भाऊ. ध्वनिक्षेपक सांभाळणारा मुलगा, आणि तो बिघडल्यावर दुरुस्त करणारी त्याची आई. मिठाचा टोप उघडा टाकणाऱ्यांच्या मागून फिरणारे आजोबा. हॉलची किल्ली परत नेऊन देणारे जावई, मिसुरीचे असूनही. लाल टेबलक्लॉथ धुऊन, इस्त्री करून ठेवणाऱ्या काकू. त्यांचं नाव गेल्या वर्षीच्या पत्रिकेत छापखान्यात गळलं होतं. रांगोळीवाल्या दोघी. आणि खुर्च्या घड्या करणारे सगळे, म्हणजे जे शेवटपर्यंत थांबले तेच.

पुढच्या सभेत मी ठराव मांडणार आहे : जर-तर आधी, जेवण नंतर. अनुमोदन मिरजेच्या काकांचं मिळालं आहे. ओमाहाच्या वहिनी म्हणतात, ‘गुळपोळी गार झाली तर मी विरोधात.’ तेव्हा मतदान अटीतटीचं होणार, आणि डबे मी सकाळीच कुलपात ठेवणार.