तुम्ही विचारलंत म्हणून: 112 लावला की फोन जातो कुठे?

मी मोबाईल नेटवर्कमध्ये नोकरी केली हे कळलं की दोन प्रश्न ठरलेले, मग सोसायटीची मीटिंग असो नाहीतर लग्नाची पंगत. पहिला, 'आमच्याकडे रेंज का येत नाही हो?' तो आज सोडून देऊ. दुसरा जास्त कामाचा: 'आणीबाणीचा 112 लावला तर फोन पुण्यातच उचलतात ना? आणि आपण कुठे आहोत ते त्यांना आपोआप दिसतं ना?'

पुण्यात उचलत नाहीत. महाराष्ट्रातला 112 आधी नवी मुंबईच्या केंद्रात जातो, तिथे लाइनी भरल्या असतील तर नागपूरच्या. तिथला माणूस तुमचं म्हणणं ऐकत ऐकत नोंद करतो आणि ती नोंद पुणे पोलीस आयुक्तालयाच्या कंट्रोल रूमला येते. इथला डिस्पॅचर जवळची गाडी बघून काम तिच्याकडे पाठवतो. गाडीतल्या स्क्रीनवर, पोलिसांच्या भाषेत एमडीटीवर, ते उमटतं आणि मंडळी निघतात.

हे ऐकल्यावर पुणेकराचा चेहरा बघण्यासारखा होतो. सदाशिव पेठेतली भांडणं नागपूरकरांना सांगायची? सांगायची की! मला त्यात वावगं वाटत नाही. नवले पुलावर ट्रक उलटला की येणारा-जाणारा प्रत्येक जण फोन काढतो. एका शहराची कंट्रोल रूम तेवढ्यानेच तुंबते आणि नेमक्या त्याच वेळी कोथरूडमध्ये घरात चोर शिरलेल्या माणसाला एंगेज टोन ऐकू येतो. शिवाय 2014 मध्ये 108 ची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली ती आपल्या औंधच्या केंद्रातून. गडचिरोलीच्या बाळंतिणीसाठीचा फोन पुण्यात घेतला जायचा, तेव्हा आपली काही तक्रार नव्हती.

आता फोनचं. 112 दाबलं की हँडसेट तो साधा नंबर म्हणून लावतच नाही. हा आकडा त्याच्या आतच ओळखीचा असतो. तो नेटवर्कला 'हा इमर्जन्सी कॉल आहे' असं सांगूनच लाइन मागतो. तुमच्या कंपनीची रेंज नसेल आणि दुसऱ्या कंपनीचा टॉवर मिळत असेल, तर कॉल त्या टॉवरवरून जातो. स्क्रीनवर 'फक्त इमर्जन्सी कॉल' असं दिसतं त्याचा अर्थ हाच. 100, 101, 108 ला फोन अशी वागणूक देईलच याची हमी नाही. आणि कुणाचीच रेंज नसेल तर 112 सुद्धा लागत नाही. तो 'थेट सॅटेलाइटवरून जातो' असं छातीठोकपणे सांगणारे काका प्रत्येक ग्रुपवर असतात, त्यांना नमस्कार करून पुढे जावं.

आणि तुम्ही कुठे आहात ते? लँडलाइनला पत्ता जोडलेला असायचा. मोबाईलला असतो टॉवर. एका टॉवरचे साधारण तीन सेक्टर, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. तुमचा कॉल कुठल्या सेक्टरवर आहे हे नेटवर्कला नक्की माहीत असतं. सिग्नलला यायला-जायला किती वेळ लागला त्यावरून अंतराचाही अंदाज येतो, पण तो ठोकळ्यांत: 2जी वर एक ठोकळा सुमारे 550 मीटरचा, 4जी वर 78 मीटरचा. पेठेत 550 मीटर म्हणजे किती वाडे आणि किती बोळ, तुम्हीच मोजा.

त्यात उंच इमारतींची गंमत वेगळीच. गाडीत लॅपटॉप आणि फोन घेऊन आम्ही बाणेर-बालेवाडीत ड्राइव्ह टेस्ट, म्हणजे फिरत फिरत रेंजची तपासणी, करायचो. खाली रस्त्यावर फोन अगदी शहाण्यासारखा जवळचा सेक्टर धरायचा. तोच फोन अकराव्या मजल्याच्या गॅलरीत नेला की मुळा नदीपलीकडे वाकडचा टॉवर धरून बसलेला! आम्ही त्याला ओव्हरशूट म्हणायचो आणि अँटेना थोडा खाली झुकवायला सांगायचो. तेवढ्यापुरतं सुधारायचं, मग शेजारी नवीन टॉवर उभा राहायचा आणि पुन्हा तेच.

रेंजसाठी हे चालून जातं. 112 साठी मात्र नदी महत्त्वाची आहे. 15 ऑगस्ट 2018 पासून पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय वेगळं आहे. बालेवाडी पुण्यात, वाकड तिकडे, औंध पुण्यात, पूल ओलांडला की सांगवी तिकडे, बोपोडी-दापोडीचंही तेच. टॉवर पलीकडचा आणि माणूस अलीकडचा असला तर केवळ टॉवरवर विसंबून नोंद चुकीच्या कंट्रोल रूमला जाऊ शकते. ती इकडे वळवता येते, पण त्यात मिनिटं जातात.

म्हणून जागा तोंडानेच सांगावी लागते, आणि काय झालं हे सांगण्याआधी. 'दत्त मंदिराशेजारी' हा पत्ता नवी मुंबईतल्या माणसाला काय कळणार? आणि गणेशनगरं तर इथेच किती आहेत! आधी पुणे शहर म्हणा, मग भाग, मग मोठा रस्ता. कर्वे रोड, पौड रोडला असाल तर मेट्रोच्या खांबावरचा नंबर वाचून दाखवा. एक्सप्रेसवेला किलोमीटरचा आकडा आणि मुंबई लेन की पुणे लेन. मजला तर कुठलाच टॉवर सांगत नाही.

'112 इंडिया' ॲप जीपीएसवरून जागा पाठवतं. मोकळ्यावर ते टॉवरपेक्षा कितीतरी बरं, तळघरातल्या पार्किंगमध्ये फारसं नाही. तरी टाकून ठेवावं, मी ठेवलंय.

राहिला आईच्या बटणांच्या फोनचा प्रश्न, तोही कुणीतरी विचारतंच. 2016 च्या नियमानुसार 1 जानेवारी 2017 पासून विकल्या जाणाऱ्या अशा फोनमध्ये 5 किंवा 9 चं बटण दाबून धरलं की इमर्जन्सी कॉल लागायला हवा. आईच्या फोनवर नेमकं कोणतं, ते सेटिंगमध्ये किंवा सोबतच्या कागदावर बघा. दाबून बघू नका, पलीकडे खरोखरच कुणीतरी उचलतं.